चहा स्वस्त झाला होता, मग बोस्टनकरांनी तो समुद्रात का ओतला?

२०२६ च्या ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं होतात. त्यानिमित्ताने ‘बोस्टन टी पार्टी’ पुन्हा वाचनात येते. टॅरिफ हा शब्द घरोघरी पोचल्यापासून तर जरा जास्तच. शाळेत आपण याचं उत्तर एका ओळीत लिहिलं होतं: इंग्रजांनी चहावर कर वाढवला, म्हणून चिडलेल्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. दोन मार्क.

ते दोन मार्क खरं तर कापायला हवे होते. १७७३ साली चहावरचा अमेरिकेतला कर वाढला नव्हता, होता तेवढाच राहिला. आणि ज्या कायद्यावरून एवढं रामायण घडलं, त्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता. इतका, की चोरून आणलेल्या डच चहालाही त्याने मागे टाकलं असतं. स्वस्त वस्तू दारात आली आणि गिऱ्हाइकाने ती पाण्यात टाकली. हे कोडं सोडवायचं तर आधी एका कर्जाची आणि मग एका बुडत्या कंपनीची गोष्ट बघावी लागते. ती कंपनी आपल्या चांगल्याच ओळखीची आहे.

## कर्ज कुणी फेडायचं?

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा ब्रिटनच्या तेरा वसाहती होत्या. वसाहत म्हणजे ब्रिटनच्या राजाच्या अंमलाखालचा, पण स्थानिक कारभार बराचसा स्वतः चालवणारा मुलूख. प्रत्येक वसाहतीत जमीनजुमला असलेल्या पुरुषांनी निवडलेली सभा होती आणि कर बसवायचे ते त्या सभेने, असा रिवाज पडला होता. गव्हर्नर मात्र बहुतेक ठिकाणी राजा नेमायचा.

१७५६ ते १७६३ या काळात ब्रिटन आणि फ्रान्समध्ये सात वर्षं युद्ध झालं. ब्रिटन जिंकलं, कॅनडा मिळाला, आणि डोक्यावरचं कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या आसपास गेलं. लंडनचं म्हणणं असं: फ्रेंचांना आम्ही तुमच्या सीमेवरून हाकललं, तुमच्या रक्षणासाठी फौज ठेवतो आहोत, तर खर्चाचा थोडा वाटा उचला. मला हे म्हणणं अगदीच अन्यायाचं वाटत नाही. तेव्हा अमेरिकेतही ते सगळ्यांना वाटत नव्हतं.

घोडं अडलं ते कर कोण बसवणार यावर. १७६५ मध्ये लंडनच्या संसदेने वसाहतींच्या सभांना न विचारता स्टँप कर लावला. वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, परवाने, एवढंच काय खेळायचे पत्ते आणि फासेसुद्धा त्यात आले. दंगे झाले, पुढच्या वर्षी तो मागे घ्यावा लागला. १७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने नवी यादी काढली: काच, शिसं, रंग, कागद आणि चहा. वसाहतींनी ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकला. लंडनचे व्यापारी कुरकुरायला लागले तेव्हा सरकारने तेही कर काढले, फक्त एक सोडून. चहावरचा कर ठेवायचा की नाही यावर मंत्रिमंडळात मतं पडली पाच विरुद्ध चार. एका मताने तो राहिला.

दर होता रत्तलामागे तीन पेनी. (‘रत्तल’ हा आपल्या आजीच्या काळातला शब्द मुद्दाम वापरतोय. वजनाचा पौंड आणि पैशाचा पौंड एकाच वाक्यात आले की गोंधळ होतो. एक रत्तल म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम.) एका ब्रिटिश पौंडात तेव्हा २४० पेनी असत. म्हणजे कर तसा किरकोळ होता. तिजोरी भरण्यापेक्षा ‘आम्ही कर लावू शकतो’ हे दाखवायला ठेवलेला.

## तीन पेनी जात होत्या कुठे?

कराची रक्कम किती याची चर्चा खूप होते, ती कुणाच्या खिशात जात होती हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

तुमच्या सोसायटीचा मॅनेजर घ्या. त्याचा पगार सभासदांच्या वर्गणीतून जातो, दरवर्षी सर्वसाधारण सभेत मंजूर होतो. म्हणून तो तुमचा फोन उचलतो. उद्या बिल्डर म्हणाला, ‘मॅनेजरचा पगार मी देतो, तुम्ही काळजी करू नका. फक्त पाण्याच्या टँकरमागे एक लहानसा आकार मला देत जा,’ तर आकार पाच रुपये असला तरी शहाणा सभासद खुर्चीत सावरून बसेल. पैसे आपलेच जाणार आणि मॅनेजर मात्र बिल्डरचा होणार.

मॅसॅच्युसेट्समध्ये नेमकं हेच घडलं. बोस्टन ही त्या वसाहतीची राजधानी. तिथे गव्हर्नरचा पगार तोवर लोकांची सभा मंजूर करायची, त्यामुळे गव्हर्नरला सभेशी जुळवून घ्यावं लागायचं. टाउनशेंडच्या कायद्यात तरतूद होती की या करांच्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यावेत. १७७२ मध्ये गव्हर्नर थॉमस हचिन्सनने सांगून टाकलं की आता माझा पगार राजाकडून येतो, तुमचा नको. वरिष्ठ न्यायाधीशांचंही तसंच होणार असल्याची बातमी आली. त्यावर बोस्टनचा पुढारी सॅम्युएल अॅडम्स आणि मंडळींनी त्याच नोव्हेंबरात बोस्टनची पत्रव्यवहार समिती काढली. गावोगावी पत्रं पाठवून ‘काय चाललंय बघा’ सांगायचं, एवढंच तिचं काम. आजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसारखं, पण घोड्यावरून.

तेव्हा चहाचा प्रत्येक कप म्हणजे गव्हर्नरला आपल्या हातातून सोडवणारा एक छोटासा हप्ता होता. हे लक्षात आलं की ‘स्वस्त आहे ना, मग प्या की’ हा सल्ला तितकासा सरळ वाटत नाही.

## बंगाल लुटून कंपनी बुडाली कशी?

आता दुसरी गोष्ट. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क मिळाला. लंडनमध्ये कंपनीचे शेअर वर गेले, भागधारकांनी वाढीव लाभांश मागितला आणि तो साडेबारा टक्क्यांपर्यंत नेला गेला. सरकारनेही आपला हात पुढे केला: वर्षाला चार लाख पौंड द्या.

मग १७६९-७० मध्ये बंगालात भीषण दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जच्याच अंदाजाने एक तृतीयांश माणसं मेली. वसुली मात्र थांबली नाही. त्यात लष्कराचा खर्च, नोकरांची खाजगी लूट, आणि १७७२ च्या जूनमध्ये लंडनची एक पेढी बुडून बाजारात उडालेली घबराट. कंपनीला रोख मिळेना. गोदामांत सुमारे पावणेदोन कोटी रत्तल चहा पडून होता.

हा चहा आपल्याकडचा नव्हता, हे इथेच सांगून टाकतो, कारण अनेकांना तसं वाटतं. आसामचा मळ्यांतला चहा यायला अजून साठेक वर्षं होती. बोस्टनच्या पाण्यात गेलं ते सगळं चिनी पान होतं, बहुतेक ‘बोही’ नावाचा फुजियान प्रांतातल्या डोंगरांतला काळा चहा.

एवढी मोठी कंपनी बुडू देणं सरकारला परवडणारं नव्हतं. (हे वाक्य पुढे फार वेळा ऐकू आलं.) १७७३ मध्ये तिला वाचवायला तीन गोष्टी झाल्या. एक, चौदा लाख पौंडांचं सरकारी कर्ज. दोन, तिच्या कारभारावर लगाम घालणारा रेग्युलेटिंग अॅक्ट. तीन, पडून असलेला चहा खपवण्यासाठी चहाचा कायदा.

यातल्या तिसऱ्याने बोस्टन पेटलं. दुसऱ्याचा हिशेब पुण्याला लागला. त्या कायद्याने मुंबईचे इंग्रज युद्ध-तहाच्या बाबतीत कलकत्त्याच्या ताब्यात दिले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढे मुंबईकरांनी कलकत्त्याला न विचारता राघोबादादांशी मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला. कलकत्त्याने तो अमान्य केला आणि आपला माणूस पाठवून मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. एकाच दिवाळखोरीवरच्या औषधाच्या दोन पुड्या होत्या, एक बोस्टनला सुटली आणि एक पुण्यात.

## स्वस्त चहात काळं काय होतं?

तोवर व्यवस्था अशी होती: कंपनी लंडनमध्ये चहाचा लिलाव करायची, इंग्रज व्यापारी तो घ्यायचे, त्यांच्याकडून अमेरिकन व्यापारी, त्यांच्याकडून दुकानदार. प्रत्येक टप्प्यावर नफा. शिवाय ब्रिटनमध्ये शिरताना जकात. नव्या कायद्याने ब्रिटनमधली जकात कंपनीला परत मिळणार होती आणि कंपनी थेट अमेरिकेत माल पाठवू शकणार होती. मधले अडते गळाले, भाव उतरला. तीन पेनींचा अमेरिकन कर मात्र तसाच.

आपल्या बाजारपेठेत बघा. मोठी कंपनी गावातल्या सगळ्या घाऊक दुकानदारांना डावलून दोन-तीन घरांना एजन्सी देते आणि भाव पाडते. गिऱ्हाईक खूश. पण दुकानदाराला विचारा. आज चहा, उद्या कापड, परवा मसाले. आणि स्पर्धक संपल्यावर भाव कुणी ठरवायचा?

बोस्टनमध्ये ही एजन्सी मिळालेल्या निवडक लोकांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते, थॉमस आणि एलिशा. बापाचा पगार चहाच्या करातून, मुलांचा धंदा त्याच चहाचा. एवढं जुळून आल्यावर लोकांना कट शोधायची गरज उरत नाही.

संसदेत विल्यम डाउड्सवेल नावाच्या विरोधी सदस्याने पंतप्रधान लॉर्ड नॉर्थला बजावलं होतं की तीन पेनी काढा, नाही तर ते चहा घेणार नाहीत. नॉर्थने ऐकलं नाही. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत चुटपुट लावणारा क्षण वाटतो. कर काढला असता तर कंपनीचा चहा खपला असता आणि तस्कर घरी बसले असते.

फिलाडेल्फियाच्या बाजूला जॉन डिकिन्सन हा वकील लेखणी चालवत होता. ‘रस्टिकस’ या टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात त्याने चक्क बंगालचा दुष्काळ काढला. एका वर्षात पंधरा लाख माणसं भुकेने मेली म्हणतात. जमिनीने पिकवलं नाही म्हणून नव्हे, तर कंपनीने आणि तिच्या नोकरांनी जिन्नस साठवून भाव चढवले म्हणून. आशियात हे करून आता त्यांची नजर अमेरिकेवर पडली आहे, असा त्याचा सूर. बंगालची कणव किती आणि राजकारण किती हा वेगळा प्रश्न. पण बंगालची बातमी तिथवर पोचली होती आणि लोकांना घाबरवायला पुरेशी होती.

## वीस दिवसांचं घड्याळ

चहाची जहाजं एकट्या बोस्टनला नव्हे, चार बंदरांकडे निघाली होती. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमधून ती माल न उतरवता परत गेली. चार्ल्सटनला चहा उतरवून तळघरात कोंडला गेला. मग बोस्टनलाच का भडका उडाला?

कारण एक जकातीचा नियम आणि एक हट्टी गव्हर्नर. जहाज बंदरात आल्यापासून वीस दिवसांत कर भरला नाही तर जकातखातं माल जप्त करणार आणि मग तो बाजारात येणार. ‘डार्टमथ’ जहाज २८ नोव्हेंबरला आलं, मागोमाग ‘एलिनॉर’ आणि ‘बीव्हर’. मुदत १७ डिसेंबरला संपत होती. लोक म्हणत होते जहाज परत पाठवा. हचिन्सन म्हणत होता कर भरल्याशिवाय परतीचा परवाना नाही. बंदराच्या तोंडावर किल्ल्याच्या तोफा होत्या.

१६ डिसेंबरला ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये पाचेक हजार लोक जमले. बोस्टनची वस्तीच सोळा हजारांच्या घरातली. जहाजाचा मालक फ्रान्सिस रॉचला गव्हर्नरकडे शेवटचं विचारायला मिल्टन गावी पाठवलं होतं. तो अंधार पडल्यावर परतला: परवाना नाही. विनापरवाना जहाज हाकशील का, असं सभेने विचारलं. तो म्हणाला, तसं केलं तर मी देशोधडीला लागेन.

त्यानंतर थोड्याच वेळात मोहॉक आदिवासींचे वेश केलेली टोळी ग्रिफिन्स धक्क्यावर गेली. त्यात जॉर्ज ह्यूज नावाचा एक गरीब चांभार होता. त्याने म्हातारपणी सांगितलेली हकिकत मला आवडते. त्याला पाठवलं होतं कप्तानाकडे, तळघराच्या झाकणांच्या किल्ल्या आणि डझनभर मेणबत्त्या मागायला. कप्तानाने दोन्ही मुकाट्याने दिलं, फक्त जहाजाची आणि दोरखंडांची नासधूस करू नका म्हणाला. तीन तास कुऱ्हाडी चालल्या. ओहोटी होती, त्यामुळे चहा पाण्यात न बुडता जहाजाच्या कडेला गंजीसारखा साचायला लागला आणि तो ढकलावा लागला. खिशात आणि अस्तरात चहा भरणाऱ्या एकाला पकडून त्याचे कपडे उतरवले. ३४२ पेट्या, ९२ हजार रत्तलांहून जास्त म्हणजे सुमारे ४२ टन, किंमत ९,६५९ पौंड.

दुसऱ्या दिवशी जॉन अॅडम्सने (हा वकील, पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष) डायरीत लिहिलं की ही घटना इतिहासात युग बदलणारी आहे. ‘टी पार्टी’ हे गमतीदार नाव मात्र तेव्हा कुणी दिलेलं नव्हतं. ते अर्धशतकानंतर रूढ झालं.

## ‘हे तर तस्करांचंच बंड होतं ना?’

थोडं खरं आहे. चोरट्या डच चहावर पैसा करणारे व्यापारी या चळवळीत होतेच आणि स्वस्त चहाने त्यांचं दिवाळं निघालं असतं. पण तेवढंच कारण असतं तर न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया आधी पेटायला हवी होती, कारण तस्करी तिथे जोरात होती. कर भरून आणलेला चहा उलट बोस्टनमध्येच जास्त यायचा. शिवाय जहाजांवर चढलेल्यांत कारागीर आणि उमेदवारी करणारी पोरं खूप होती. ह्यूजला चहाच्या घाऊक धंद्यातून काय मिळणार होतं?

## ‘मँचेस्टरलाही कुठे खासदार होता?’

हा लंडनचा सर्वांत तगडा युक्तिवाद. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही तेव्हा स्वतःचे खासदार नव्हते. बहुतेक इंग्रजांना मतच नव्हतं. तरी ते कर भरत होते, आणि वसाहतवाल्यांच्या कित्येक पट. संसद सगळ्या साम्राज्याचा विचार करते, असं सरकारचं म्हणणं.

अमेरिकनांचं उत्तर असं: मँचेस्टरवर कर बसवणाऱ्या खासदाराला तोच कर स्वतःलाही भरावा लागतो, म्हणून तो जपून बसवतो. आमच्यावर बसवलेल्या कराने त्याचा खिसा हलका होत नाही, उलट भरतो. वादात या मुद्द्याला लंडनकडून धड उत्तर आलं नाही.

नुकसानीचं काय, हा प्रश्न मात्र अमेरिकेतही होता. तेव्हा लंडनमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनला वाटत होतं की चहाचे पैसे भरून द्यावेत. जॉर्ज वॉशिंग्टनलाही मालाची नासधूस रुचली नव्हती.

## ‘स्वातंत्र्य नेमकं कुणाचं?’

‘डार्टमथ’ जहाजावर चहाखेरीज आणखी एक माल होता: फिलिस व्हीटलीच्या कवितासंग्रहाच्या प्रती. फिलिसला सातेक वर्षांची असताना आफ्रिकेतून पकडून १७६१ मध्ये बोस्टनला विकलं होतं. जहाजाचं नाव ‘फिलिस’, तेच हिला चिकटवलं. तिचं पुस्तक १७७३ मध्ये लंडनला छापलं गेलं आणि ते बोस्टनला पोचलं ते चहाच्या पेट्यांबरोबर. पुस्तकं उतरली, चहा राहिला.

काही आठवड्यांनी, १७७४ च्या फेब्रुवारीत, तिने सॅमसन ऑकम या आदिवासी धर्मोपदेशकाला पत्र लिहिलं. देवाने प्रत्येक माणसाच्या काळजात स्वातंत्र्याची ओढ ठेवली आहे, ती जुलूम सोसत नाही, असं ती म्हणते. मग शांतपणे विचारते, की तोंडाने स्वातंत्र्य मागणारे हातांनी दुसऱ्यावर सत्ता कशी गाजवतात. त्याआधी १७७३ च्या एप्रिलमध्ये चार गुलामांनी मॅसॅच्युसेट्सच्या सभासदांकडे लेखी अर्ज केला होता: तुम्हाला गुलाम करू पाहणाऱ्यांविरुद्ध तुम्ही एवढं झगडता, तर आमच्याकडेही बघा. तो अर्ज मार्गी लागला नाही. आज अमेरिकेत या क्रांतीवर बोलताना लोक एकमेकांवर ओरडतात, त्यात हा प्रश्न असतोच.

## चहावरून युद्ध कसं झालं?

लंडनने शिक्षा एका टोळीला न देता अख्ख्या गावाला दिली. १ जून १७७४ पासून बोस्टन बंदर बंद, चहाची भरपाई होईपर्यंत. मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत बदल करून लोकांचे अधिकार कापले. तोवर बोस्टनला ‘अतिरेकी’ म्हणणाऱ्या वसाहती यामुळे दचकल्या: आज त्यांचं बंदर, उद्या आपलं. सप्टेंबरात तेरापैकी बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाला जमले. १९ एप्रिल १७७५ ला बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनमध्ये ब्रिटिश फौज आणि वसाहतवाले यांच्यात गोळी सुटली, आणि त्यानंतर सव्वा वर्षाने जाहीरनामा निघाला.

मधल्या काळात चहाचं काय झालं? १७७४ च्या जुलैत जॉन अॅडम्स कोर्टाच्या कामाने फिरतीवर होता. दिवसभरात पस्तीस मैल रपेट करून एका खाणावळीत पोचला आणि मालकिणीला म्हणाला, दमल्या प्रवाशाला कपभर चहा चालेल का, म्हणजे प्रामाणिकपणे चोरून आणलेला, कर न भरलेला असेल तर? बाई म्हणाली, इथे आम्ही चहा सोडलाय साहेब, कॉफी करून देते. अॅडम्सने बायकोला, अॅबिगेलला, पत्रात कळवलं की तेव्हापासून रोज दुपारी कॉफीच पितोय आणि ती बऱ्यापैकी सोसतेय.